आठ ग्रह आणि शंभर दाणे

आमच्या अण्णाकाकांनी जग वाचवलं, असं त्यांच्या घरात अजून सांगतात. सांगणारी आता त्यांची नातवंडं आहेत. आठ ग्रह एका राशीत आले, जग बुडायला निघालं, तेव्हा देवळात यज्ञाला बसलेल्या अकरा जणांत आमचे आजोबा पहिले होते, तीन दिवस पाण्याशिवाय त्यांनी काही घेतलं नाही, म्हणून अरिष्ट टळलं. ऐकणारा मान हलवतो. मीही पुष्कळ वर्षं हलवली. आता हलवत नाही. त्या गोष्टीतले आकडे बरोबर आहेत: माणसं अकराच होती आणि दिवस तीनच. माझा जन्म आकड्यांत गेला, कणकवलीच्या एका कचेरीत सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या, त्यामुळे बरोबर आकडा कोणाच्याही तोंडून आला तरी मी तो नाकारत नाही. पण त्या गोष्टीत जे सांगत नाहीत ते मी इथे लिहिणार आहे, आणि ते मला रागानेच लिहिता येईल. राग ओसरेल म्हणून थांबले होते. तो ओसरला नाही.

आमचं घर मिठबावच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला. समोर अंगण, अंगणाखाली उताराने नारळ, त्याखाली खार, म्हणजे खाडीकाठची खारवट भातजमीन, आणि खाराच्या पलीकडे मातीचा बांध घालून अडवलेली खाडी. समुद्र दिसत नसे, पण ऐकू येई. टेकडीमागे कोणी सतत जड लाकूड ओढत नेत असल्यासारखा. घरात मी आणि आई. बाबा नांदगावच्या शाळेत विज्ञान शिकवत, तिथेच खोली घेऊन राहत आणि शनिवारी संध्याकाळी येत. एका भिंतीपलीकडे अण्णाकाका, बाबांचे थोरले भाऊ, त्यांचं कुटुंब. चूल वेगळी, विहीर एक. खारातले वाफे अर्धे त्यांचे, अर्धे आमचे. अण्णाकाका गावातले मोठे मानकरी होते, देवळात गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. आवाज असा की ते अंगणात बोलले तर आमच्या चुलीपुढचं मांजर उठून बसे.

आई त्यांच्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं, रीतच तशी होती. थोरल्या दिरासमोर धाकटी जाऊ उभी राहत नाही, बोलत तर नाहीच. ते आले की आई माजघराच्या दाराआड होई आणि दोघांमधलं सगळं बोलणं माझ्यातून जाई. "सुमा, तुझ्या आवशीक इचार, विहिरीचो रहाट दुरुस्त करूचो काय?" असं काका मला विचारत, तेव्हा आई तीन हातांवर असे आणि तिने ते ऐकलेलं असे. मग ती हळू आवाजात मला सांगे, "करा म्हणान सांग," आणि मी वळून काकांना सांगे, "करा." लहान होते तेव्हा मला तो खेळ वाटे. मोठी झाले तेव्हा हिशेब केला. आठ ग्रहांच्या साली लग्न होऊन आईला या घरात सोळा वर्षं झाली होती आणि काकांनी तिचा शब्द एकदाही थेट ऐकला नव्हता. असं करणारी माणसं वाईट नव्हती. पण सोळा वर्षं म्हणजे सोळा वर्षं.

खारात येणारं भात वेगळं. पावसात उधाणाच्या दिवशी बांधातून खारं पाणी झिरपतं, साधं भात त्यात पिवळं पडून बसतं. आईने माहेरून आणलेलं हे बियाणं खारट पाणी पिऊन उभं राही. दाणा जाडा, तांदूळ लालसर, पेज चहाच्या रंगाची आणि गोड. सकाळी ती उकळती पेज, वर खोबऱ्याची कातळी, बाजूला भाजलेला सुका बांगडा. पुढे आयुष्यात खूप ठिकाणी जेवले, त्याची बरोबरी करणारं काही मिळालं नाही. पण मी खाण्याचं कौतुक करायला बसलेली नाही. सांगायचं ते इतकंच की हे बियाणं बाजारात मिळत नसे. आजूबाजूच्या गावांतले खार तोवर पडीक पडले होते, आईच्या माहेरीही बांध फुटून ते संपलं होतं. ते होतं फक्त या दोन घरांत: काकांकडे एक मुडी, आमच्याकडे एक. बाकीचं खाण्यासाठी लगेच उकडून कांडत, आणि उकडलेलं भात रुजत नाही.

मुडी म्हणजे पेंढ्यात घट्ट आवळून, पेंढ्याच्याच दोरीने विणल्यासारखं बांधलेलं भात. मोठ्या भोपळ्यासारखा गोल गोळा. आमच्या माळ्यावर त्या साली सहा मुड्या होत्या. चार गोड्या भाताच्या, खायच्या, एक गोड्या शेताच्या बियाण्याची, एक खाऱ्या बियाण्याची. बघणाऱ्याला सहाही सारख्या. खाऱ्या बियाण्याच्या मुडीची गाठ आई आत दाबून टाकी, बाकीच्यांची बाहेर ठेवी. ही खूण दोघींनाच ठाऊक होती, कारण बांधताना दोरीचं दुसरं टोक मी धरत असे. बाबांना ठाऊक नव्हती. पुरुषमाणसाला माळ्यावरचं काय कळतं, असं आई म्हणे आणि हसे.

आठ ग्रहांची बातमी मार्गशीर्ष संपता संपता आली. आधी कोणा भटजींच्या पंचांगातून, मग वर्तमानपत्रातून, मग सगळीकडून. मुंबईचे चाकरमानी, ज्यांना गणपतीला रजा मिळत नसे, ते बोटीने बायकापोरांसह गावात उतरायला लागले. मरायचं तर आपल्या घरात. गावाने बैठक घेतली. अमावास्येला धरून तीन दिवस यज्ञ, अखंड भजन, गावाचं एकत्र जेवण, घरात मासळी शिजवायची नाही. यज्ञाला आणि जेवणाला प्रत्येक घराने एक मुडी द्यायची. अण्णाकाका रोज संध्याकाळी आमच्या पडवीत बसून काय होणार ते सांगत. समुद्र आधी मागे ओढला जाईल. ओढतच जाईल. खाडीचा तळ दिसेल, होड्या चिखलात बसतील, आणि मग सगळं पाणी एकदम परत येईल. माझ्याकडे बघून सांगत नसत, पण ऐकणारी मीच असे.

मी तेव्हा आठवीत होते आणि आकड्यांना भीत नव्हते, तोवर. बाबांच्या जुन्या पुस्तकात ग्रहांची अंतरं होती. मी ती पाटीवर उतरवली, बेरजा केल्या, शून्यं मोजली. आठ शून्यांपर्यंत डोकं चाले, नंतर मी पाटी पुसून पुन्हा पहिल्यापासून मोजे. एवढ्या मोठ्या पोकळीत आपली पडवी, आपला रहाट, आपलं मांजर. आणि ती पोकळी आपल्याकडे सरकते आहे. त्या शनिवारी बाबा आले. दिवेलागणीला मी पाटी घेऊन त्यांच्यापुढे बसले.

"बाबा, गुरू आपल्यापासून किती मैल?"

"जवळात जवळ असतो तेव्हा एकोणचाळीस कोटी." शाळेतला विषय निघाला की बाबा शाळेतलंच मराठी बोलत.

"मग तो आपली खाडी ओढील काय?"

बाबांनी पाटी बघितली. मग त्यांनी भिंतीकडे बघितलं. भिंतीपलीकडे काकांच्या पोथीचा आवाज चालला होता. "चल, जेवून घे," ते म्हणाले.

त्यांना उत्तर येत होतं. शाळेत त्यांनी ते साठ पोरांना सांगितलं होतं, हे मला पुढे त्यांच्याच एका विद्यार्थ्याने सांगितलं. घरात, माझ्या एकटीसमोर, त्यांना ते सांगता आलं नाही, कारण भिंत एक वीट जाडीची होती. काकांवर मी रागावले आहे हे सगळ्यांना माहीत आहे. बाबांवर त्याहून जास्त रागावले आहे, हे मी आज पहिल्यांदा लिहिते.

उत्तर मिळालं नाही म्हणून मी स्वतः मोजायला लागले. आमच्या पाणंदीच्या शेवटी खाडीत उतरणाऱ्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या आहेत. ओहोटी पुरी झाली की किती पायऱ्या उघड्या पडतात ते मी रोज मोजायचं ठरवलं. पहिल्या दिवशी पाच. दुसऱ्या दिवशीही पाच, पण सहावीचा काठ दिसला. मग सहा. मग सात. वेळही रोज पाऊण तासाने पुढे जात होती, तीही मी लिहिली. ज्या दिवशी गाव मुड्या गोळा करत होतं त्या दिवशी दुपार कलल्यावर आठवी पायरी उघडी पडली. तिच्यावर शेवाळ होतं. तिच्यापुढे चिखलात एक होडी कलंडून बसली होती, काका म्हणाले होते तशीच.

कोणाही होडीवाल्याची पोर हसली असती. अष्टमीला पाणी थोडं हलतं, अमावास्येला फार लांब जातं आणि फार वर येतं. हे खाडीकाठी बोलता येण्याआधी कळतं. मलाही ठाऊक होतं, तोंडाने. पण मी आयुष्यात पहिल्यांदा मोजायला सुरुवात केली ती नेमकी अष्टमीला, आणि पाच-सहा-सात-आठ हे आकडे माझ्या हातचे होते, म्हणून ते मला सगळ्या ऐकीव ज्ञानाहून खरे वाटले. नुसत्या आकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाचीच ही चूक आहे. कचेरीत मी ती पुढे इतरांच्या कागदांवर शेकडो वेळा पकडली.

धावत घरी आले. आई घरात नव्हती. गावातल्या सगळ्या बायका देवळात तांदूळ निवडायला बसल्या होत्या. पडवीत काका उभे होते, बरोबर एक गडी.

"तुझी आवस खंय आसा गो?"

"देवळाकडे."

"बरा. मुडी न्हेवक इलंय. घराक एक, आणि उत्तम आसात ती."

मी धापा टाकत म्हटलं, "काका, आठ पायऱ्यो उघड्यो पडल्यो."

"कसल्यो पायऱ्यो?"

"खाडयेच्यो. काल सात होत्यो. परवा सा. पाणी मागे जाता."

काका खाली बसले. न्यायाने सांगायला हवं, त्यांचा चेहरा उतरला. ते ढोंग करत नव्हते. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाले, "मगे सुरू झाला ता." आणि मग, तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला, जिचे पाय अजून चिखलाने भरलेले होते, त्यांनी विचारलं, "सुमा, माळ्यावरची उत्तम मुडी खंयची? सांग. देवाक हलक्यातली दिलास तर ता तुमच्या घरावर येता. तुझ्या आवशीवर येता."

मी वर चढले आणि डावीकडून शेवटच्या, गाठ आत दाबलेल्या मुडीवर हात ठेवला. उत्तम तीच होती. गड्याने ती खांद्यावर घेतली आणि ते गेले. काकांनी आपल्या घरातलीही तशीच मुडी दिली, हेही न्यायाने सांगते. त्यामुळे त्या संध्याकाळी देवळाच्या अंगणात दोन्ही घरांचं खारं बियाणं गावाच्या भातात ओतलं गेलं, आणि बायकांनी ते कांडायला घेतलं.

आईने देवळात जमिनीवर पडलेला पेंढा ओळखला. ती घरी आली, माळ्यावर चढली, उतरली, हात धुतले. मला वाटलं ती विचारेल. तिने विचारलं नाही. यज्ञासाठी रजा घेऊन बाबा आले तेव्हा तिने त्यांना एकच वाक्य सांगितलं, "खाऱ्याचा बियाणा गेला." बाबा टोपी काढून खुंटीला लावत होते. ते म्हणाले, "जावंदे. दादा आसा तो. तेका काय बोलतलंय?" आणि ते देवळात गेले, तीन दिवस तिथेच राहिले, कारण मास्तर नसले तर लोक काय म्हणतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आईला देवळात बोलवायला आले. दाराआडून आई मला म्हणाली, "माका कावळो शिवलो म्हणान सांग." मी सांगितलं. काका लगेच मागे सरले. ते फाटकापर्यंत पोचायच्या आत आई चुलीपुढे बसून विस्तव फुंकत होती. म्हणजे ती खोटं बोलली होती, आणि ते मी तिच्या वतीने बोलले होते.

"गे आये, गावान सांगलेला आसा, मासळी नको म्हणान," मी म्हटलं, कारण ती डब्यातून सुकी सुंगटं काढत होती.

"जग बुडाचाच आसात तर पोटात सुंगटा आसूक व्हयी," ती म्हणाली. "रिकाम्या पोटान कोण बुडतला? कांदो काप."

मी कांदा कापला आणि रडले, आणि कांद्यामुळे ते चालून गेलं. सुंगटं, कांदा, कोकम, खोबरेल तेलाचे चार थेंब. दारं लावून आम्ही दोघींनी ते लाल पेजेबरोबर खाल्लं. शेतांपलीकडून काकांचा आवाज येत होता, "बा देवा म्हाराजा," आणि त्यामागून सगळ्या गावाचं "व्हय म्हाराजा." प्रत्येक वेळी माझा घास थांबे. आईचा थांबला नाही.

जेवण झाल्यावर तिने चुलीच्या उबेला ठेवलेली करवंटी पुढे ओढली. त्यात ओल्या फडक्याची पुरचुंडी होती. दर पौषात ती बियाण्याच्या मुडीत बांबूची चोय, एक चिरलेली पट्टी, खुपसून थोडे दाणे काढी, मी त्यातले शंभर मोजून देई, ती ते ओल्या फडक्यात बांधी. चार दिवसांनी किती रुजले ते मोजलं की बियाणं किती चांगलं ते कळे. मुडी गेली त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मीच ते शंभर मोजले होते. भीतीत विसरून गेले होते. आईने पुरचुंडी उघडली नाही, फक्त वरून पाणी शिंपडलं आणि माझ्या ओंजळीत ठेवली.

"हे आसत," ती म्हणाली. "शंभर. पाणी सुका देव नको."

मी ते तीन दिवस त्या पुरचुंडीजवळ काढले. एकोणचाळीस कोटी मैल माझ्या डोक्यात मावत नव्हते. शंभर दाणे ओंजळीत मावत होते. एवढंच. याच्यापुढे मला काही समजलं असं मी म्हणणार नाही. फडकं ओलं आहे की नाही ते बोटाने बघायचं, ओलं असलं तर बरं वाटायचं, आणि थोड्या वेळाने पुन्हा बघायचं. हल्ली माझा नातू मोबाईलवर दूरच्या ताऱ्यांची चित्रं दाखवतो, त्यातल्या एका धुळीच्या कणात आपण सगळे, असं सांगतो, आणि माझ्याकडे बघतो. मी त्याला म्हणते, छान आहे, आणि भिजत घातलेले मूग निथळायला जाते. त्याला वाटतं आजीला कळलं नाही. आजीला ते त्याच्या वयाच्या आधी कळलं होतं.

खाडीच्या पायऱ्यांचं मी आईला यज्ञाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं. मुडीचं नाही, फक्त पायऱ्यांचं. ती हसली नाही. "अवसेक पाणी असाच लांब जाता गो," ती म्हणाली. "आणखी चार दिस मोज. मगे माका सांग." मी मोजलं. नऊ, नऊ, आठ, सात. पाणी परत चढत आलं, रोज एक पायरी, कोणाच्याही यज्ञाची वाट न बघता. आणि मला पहिल्यांदा राग आला. भीतीच्या जागी तो येऊन बसला आणि त्या दिवसापासून तिथेच आहे.

यज्ञाच्या शेवटच्या दिवशी आम्ही फडकं उघडलं. एक्क्याण्णव रुजले होते. पांढरे, दोऱ्याएवढे मोड. त्याच संध्याकाळी काका प्रसाद घेऊन आले, डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला, आणि माझ्या हातावर शिरा ठेवत म्हणाले, "वाचला गो जग." त्यांच्या हातातला शिरा मी खाल्ला. त्याबद्दलही मी स्वतःवर रागावले आहे.

आईने ते एक्क्याण्णव मोड विहिरीजवळ, भांडी धुतलेलं पाणी जाई तिथे, चिखल करून लावले. कोंबड्यांनी आणि कुर्ल्यांनी अठ्ठावीस नेले. त्रेसष्ट राहिले. एकेक रोप वीतभर अंतरावर लावून, उन्हाळाभर मी घागरीने पाणी घातलं. प्रत्येक घागरीबरोबर एकच गोष्ट मनात येई: की माळ्यावर हात मी ठेवला होता, आणि आईला वाटतंय की काकांनी शोधून नेली. सांगायला तोंड उघडे आणि मिटे. पावसाच्या तोंडावर ओंब्या आल्या, हाताने चोळून दीड शेर भात निघालं. ते आम्ही खाराच्या सगळ्यांत लहान वाफ्यात पेरलं आणि बाकीचा खार मोकळा ठेवला. त्या वर्षी लाल पेज झाली नाही. रेशनचा तांदूळ आणला, त्याला किड्यांचा वास होता. पुढच्या पावसात आमचे चारही वाफे भरले. त्या दिवाळीत आमचा सगळा खार उभा राहिला आणि माळ्यावर पुन्हा आत दाबलेल्या गाठीची मुडी चढली. दोरीचं टोक मी धरलं होतं. तेव्हाही मी बोलले नाही.

काकांनी ती दोन वर्षं आपल्या खारात गोड्या शेताचं भात लावून बघितलं. दोन्ही वेळा ते श्रावणात पिवळं पडलं. काकांची सून विहिरीवर म्हणे की मामंजी बांधावर जाऊन नुसते उभे राहतात. ते आमच्याकडे कधी येणार हे आईला ठाऊक असावं, कारण मुडी बांधल्यावर तिने थोडं बियाणं घागरीत वेगळं ठेवलं होतं आणि मी विचारलं तर म्हणाली होती, "लागतला कोणाक तरी."

मृग लागायच्या आदल्या आठवड्यात ते आले. पडवीत बसले, उपरण्याने तोंड पुसलं. बाबा सुट्टीमुळे घरीच होते, झोपाळ्यावर. आई रीतीप्रमाणे दाराआड गेली, मी दारात.

"सुमा," काका म्हणाले, "तुझ्या आवशीक इचार. खाऱ्याचा बियाणा आसात तर मुडीभर व्हया होता. माझ्याकडचा देवाच्या कामाक गेला."

मी वळले. मी वाट बघितली. मग आईने डोक्यावरचा पदर नीट केला, मला हाताने बाजूला केलं आणि दारातून पडवीत आली. बाबांचा झोपाळा थांबला. काका नजर कुठे ठेवावी ते न कळून खांबाकडे बघायला लागले.

"भावोजी," आई म्हणाली, "बियाणा न्हेवा. माझी ना नाय. घागरीत वेगळा काढून ठेवलेला आसा. पण आधी ह्या माझ्या चेडवाक सांगा, की ता चुकला नाय."

"कित्याक?" काका खांबालाच म्हणाले.

"ती मुडी तुमका आपसून वळाखूक इली नसती. तुमच्या घरातलीय तुमका वळाखूक येणा नाय. वळाखणारी ह्या घरात दोघाच आसत, एक मी आणि एक ह्या. मी देवळात होतंय. ह्या पोरग्याक तुमी घाबरवलास, आवशीवर येतला म्हणान सांगलास, आणि तेच्या हातान काढून घेतलास. अडीच वर्सां ता माझ्याकडे नीट बघना नाय. तेका सांगा."

तिला पहिल्या संध्याकाळपासून माहीत होतं. पेंढा बघितला तेव्हापासून. आवशीवर येईल हे काका म्हणाले होते ते तिला गड्याने सांगितलं असेल, की तिने काकांना ओळखून ताडलं, ते मी कधी विचारलं नाही.

बाबा म्हणाले, "अगो, दादा आसा तो."

"माका म्हायत आसा कोण ते," आई म्हणाली, त्यांच्याकडे न बघता.

काका उठले. त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं. ते माझ्याकडे बघतील असं मला वाटलं, आणि खरं सांगते, ते बघावेत असं मला फार वाटत होतं. त्यांनी बघितलं नाही. "मी बियाणा मागूक इलंय," ते म्हणाले, "न्याय मागूक नाय," आणि अंगणात उतरले. त्यांच्या वहाणांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला. त्यांनी तो शब्द मला कधीच दिला नाही, त्यानंतर एकवीस वर्षं जगले तरी. पंधरवड्याने त्यांची सून परसातून आली, आईने तिला घागर दिली आणि तिच्याकडून काहीच मागितलं नाही. आज त्यांच्या खारात जे भात उभं असतं ते त्याच घागरीतलं आहे. यज्ञाची गोष्ट सांगताना हे कोणी सांगत नाही, आणि मला वाटतं सांगणाऱ्यांना ते माहीतही नाही.

ते गेल्यावर बाबांनी झोपाळा पुन्हा सुरू केला नाही. उठून मागच्या दाराने बाहेर गेले. आई स्वयंपाकघरात आली आणि चुलीपुढे बसली. पेजेच्या टोपावरचं झाकण काढायला गेली तर ते हातातून निसटून जमिनीवर घरंगळत गेलं. मी उचलून दिलं. तिने ते धरलं आणि तसंच मांडीवर ठेवलं.

"मोठ्यान बोललंय काय गो मी?" तिने विचारलं.

"नाय."

"आवाज कापी होतो?"

मी खोटं सांगणार होते. "सुरवातीक," मी म्हटलं. "मगे नाय."

तिने झाकणाला लागलेली राख पदराने पुसली. "अठरा वर्सां झाली," ती म्हणाली. "माका वाटलेला, निघूचोच नाय." मग तिने माझ्यापुढे ताट ओढलं आणि लाल पेज काठोकाठ वाढली.